अतिसंवाहकांचे शोधक : बर्न्ड मॅथियास

(विज्ञानशिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. हे तापणे म्हणजे वाटेत वाया गेलेली वीज होय. १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत् रोध अकस्मात नाहीसा झाला. या गुणधर्मास अतिसंवाहकता म्हणतात. परंतु पारा, शिसे, कथिल यांसारख्या धातूंची अतिसंवाहकता थोड्याशा चुंबकीय क्षेत्रातही नष्ट होई. त्यामुळे तिचा उपयोग करून शक्तिशाली चुंबक बनविण्याची आशा कित्येक वर्षे अपुरीच राहिली.

ही कोंडी फोडणाऱ्यांत बर्न्ड मॅथियास यांचे स्थान मोठे आहे. त्यांचा जन्म १९१८ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे झाला. झुरिच येथे १९४३ मध्ये डॉक्टरेट मिळविल्यावर ते अमेरिकेस गेले. बेल प्रयोगशाळा आणि १९६१ नंतर त्याबरोबरच सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ, ही त्यांची कर्मभूमी होती. त्यांची कार्यपद्धती सांगावयास सोपी, परंतु आचरणास कठीण होती. मूलद्रव्ये ठराविक प्रमाणात एकत्र वितळवावयाची, तयार झालेले संयुग अतिशीत करावयाचे आणि त्याची परीक्षा घ्यावयाची. अपयश आल्यास घटक बदलून पुन्हा आरंभ! १९५७ साली अतिसंवाहकतेची सैद्धांतिक उपपत्ती मांडली गेली; परंतु कोणता पदार्थ अतिसंवाहक ठरेल, हे तीवरून आधी सांगता येत नव्हते. ते भट्टीलाच विचारावे लागे. अशा रीतीने मॅथियास व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो नवे अतिसंवाहक शोधून काढले.

१९५४ मध्ये त्यांना नायोबियम व कथिल यांचे संयुग गवसले. ते सुमारे उणे २५५ अंशांवरच अतिसंवाहक बनते. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतील कुंझलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, ८.८ टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या लाखाहून अधिक पट क्षेत्रातही हे संयुग मोठा विद्युत् प्रवाह विनारोध वाहून नेते. अतिसंवाहक चुंबकांचे युग येथून खऱ्या अर्थाने सुरू झाले.

चुंबकत्व हा मॅथियास यांच्या संशोधनाचा दुसरा विषय. लँथॅनम या अतिसंवाहक धातूत चुंबकी गॅडोलिनियमचा अत्यल्प अंश मिसळला, तरी अतिसंवाहकता लोपते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये दाखविले. त्याच वर्षी झिर्कोनियम व जस्त यांच्या संयुगात त्यांना आणि बोझोर्थ यांना लोहचुंबकत्व आढळले. मौज अशी की, या दोहोंपैकी एकही मूलद्रव्य लोहचुंबकी नाही; उलट दोन्ही अतिसंवाहक आहेत. पुढे १९७७ मध्ये एर्बियम, ऱ्होडियम व बोरॉन यांच्या संयुगात एक विलक्षण द्वंद्व दिसून आले. सुमारे ८.७ केल्विनला ते अतिसंवाहक होते. अधिक थंड केल्यावर सुमारे ०.९ केल्विनला चुंबकत्व जागे होऊन अतिसंवाहकता मावळते.

या अनुभवातून काही नियम तयार झाले. घनाकृती रचनेचे स्फटिक निवडावेत, अणूमागे संयुजा इलेक्ट्रॉनांची सरासरी संख्या ४.७ किंवा ६.७ च्या आसपास असावी, हे त्यांपैकी प्रमुख होत. ऑक्सिजन, चुंबकत्व व विद्युत् रोधक यांपासून दूर राहावे, असाही उपदेश त्यांच्या नावे सांगितला जातो. या नियमांनी अनेक वर्षे संशोधकांना वाट दाखविली. १९८० साली मॅथियास निवर्तले आणि सहाच वर्षांनी बेडनोर्झ व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत उच्च तापमानाची अतिसंवाहकता सापडली! १९८७ मध्ये ती द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाच्याही वर नेणाऱ्यांत पॉल चू होते. ते मॅथियास यांचेच विद्यार्थी. गुरूच्या नावे सांगितलेली मर्यादा शिष्याने ओलांडली; परंतु घटक बदलून प्रयोग करीत राहण्याची रीत ही गुरूचीच होती.

आपल्या मुंबईतही या परंपरेचा एक धागा आढळतो. १९९४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नागराजन, गुप्ता प्रभृती संशोधकांनी यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकता दाखविली. निकेल हा तर चुंबकी धातू! या कुळातील एर्बियम व होल्मियमयुक्त संयुगांत पुढे चुंबकत्व व अतिसंवाहकता एकत्र नांदताना दिसली.

शिक्षक बंधुभगिनींनो, नियम हा अनुभवाचा सारांश असतो. तो अनुभवाचा शेवट नव्हे. वर्गात नियम शिकवावाच. परंतु त्याची परीक्षा पाहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास गप्प बसवू नये. आणि पंचायतीच्या सदस्यांनी शाळेची प्रयोगशाळा कुलपात राहणार नाही, याची दक्षता घ्यावी, एवढीच विनंती.