माळ रिकामा नसतो

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण, कायदा, नागरिकत्व यांवर बोलणाऱ्या आपल्या व्यासपीठावर आज पक्षी कुठून आला, असं काहींना वाटत असेल. तो सर्वोच्च न्यायालयातून आला आहे. माळढोक आणि विजेच्या तारा या प्रकरणात गेल्या काही वर्षांत तीन मोठे निर्णय झाले. त्यातल्या एका निकालात न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकाचा हक्क घटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये वाचला. म्हणजे पक्ष्याच्या खटल्यातून तुम्हाआम्हाला एक हक्क मिळाला. तो निकाल पक्ष्याच्या बाजूचा होता की विरोधात, यावर अजून वाद घालता येतो, ही त्यातली गंमत.

आधी माझी बाजू सांगतो. माझी पदवी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची आहे आणि पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, तेही नकाशांवरच्या माहितीचं. सौरऊर्जा हवी, लवकर हवी आणि पुष्कळ हवी, या मताचा मी आहे. कोळसा जाळून आपण फार काळ तग धरणार नाही, हे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून मी आज जे बोलणार आहे ते ‘विकास थांबवा’ म्हणणाऱ्याचं बोलणं समजू नका.

माळढोक किती उरलेत? 1969 च्या सुमारास देशात बाराशे-साडेबाराशे असावेत असा अंदाज होता. आता दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरच्या परिसरात. कच्छमध्ये नलियाजवळच्या गवताळ भागात थोड्या माद्या तेवढ्या राहिल्या. मीटरभर उंचीचा, नर असेल तर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी एक. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अशा पक्ष्याच्या बाबतीत एका प्रौढ माद‍ीचा मृत्यू ही आकडेवारीतली किरकोळ गोष्ट राहत नाही.

आता तारेशी त्याचं वैर काय? वजन जास्त म्हणून त्याला झटकन वळता येत नाही. आणि त्याच्या डोळ्यांची रचना वेगळी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे आजूबाजूचं खूप दिसतं, पण समोरचं क्षेत्र अगदी अरुंद. उडताना मान किंचित खाली घालून जमीन न्याहाळली, की समोरची दिशाच अंधारी होते. लाखो वर्षं मोकळ्या माळावर, वीस-तीस मीटर उंचीवर, वाटेत काहीच आडवं नसताना हे डोळे घडले. आपण तिथे तारा ताणल्या. भारतीय वन्यजीव संस्थेने थरमध्ये 80 किलोमीटर वाहिन्यांखाली वर्षभर पुन्हा पुन्हा फिरून पाहणी केली, तेव्हा सुमारे 40 जातींच्या 289 पक्ष्यांची कलेवरं सापडली. त्यावरून संस्थेचा अंदाज असा की तिथल्या सव्वाशेच्या आसपास माळढोकांपैकी दरवर्षी अठराएक तारांना धडकून मरत असावेत. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याला हा हिशोब जुळवता येणार नाही.

यावर सोपा उपाय म्हणून तारांवर फिरत्या चकत्या लावतात. चांगली गोष्ट आहे, इतर अनेक पक्षी वाचतात. पण दक्षिण आफ्रिकेत कारूच्या माळावर मोठा प्रयोग झाला. त्यात क्रौंचांचे मृत्यू चकत्यांमुळे खूप घटले. माळढोकाच्या तिथल्या भाऊबंदांवर मात्र परिणाम दिसला नाही. जो समोर बघतच नाही, त्याच्यासमोर पाटी लावून काय होणार?

मग तारा जमिनीखाली घाला. इथे माझी पदवी थोडी कामाला येते. जमिनीखालच्या केबलमध्ये मधोमध वाहक, भोवती इन्सुलेशन, त्याभोवती जमिनीला जोडलेलं धातूचं आवरण असतं. कॉलेजात ज्यांनी कपॅसिटर शिकला त्यांच्या लक्षात येईल, ही अख्खी केबल म्हणजे एक लांबच लांब कपॅसिटर आहे. एसी विजेत तो दर सेकंदाला पन्नास वेळा भरायचा नि रिकामा करायचा. दाब जितका जास्त आणि केबल जितकी लांब, तितका करंट या भरण्यातच खर्ची पडतो. 11 किंवा 33 केव्हीला हे फारसं जाणवत नाही, खर्च वाढतो एवढंच. 400 किंवा 765 केव्हीला काही दशक किलोमीटरनंतर केबलची ताकद स्वतःलाच पोसण्यात जाते. उपाय आहेत: वाटेत रिॲक्टर बसवा, डीसी वाहिनी टाका. पण ते महाग आहेत आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून ‘सगळं जमिनीखाली’ म्हणणारा आणि ‘काहीच शक्य नाही’ म्हणणारा, दोघेही अर्धंच सांगतात. लहान दाबाच्या तारा खाली घालता येतात. मोठ्या दाबाच्या वाहिन्यांचा रस्ता बदलावा लागतो. प्रश्न रस्त्याचा, म्हणजे नकाशाचा होतो.

न्यायालयातला प्रवासही तोच आहे. 2019 मध्ये एम. के. रणजितसिंह आणि इतर काहींनी याचिका केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या घडणीत ज्या सनदी अधिकाऱ्याचा मोठा वाटा होता, तेच हे. 19 एप्रिल 2021 ला सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने आदेश दिला: माळढोकाच्या क्षेत्रात कमी दाबाच्या तारा जमिनीखाली, उच्च दाबाच्या वाहिन्यांबाबत समिती ठरवेल, तोवर चकत्या. क्षेत्र किती? सुमारे 99,000 चौरस किलोमीटर. केंद्राची तीन मंत्रालयं धावत न्यायालयात गेली: हे शक्य नाही, देशाची 2030 ची पाचशे गिगावॅटची उद्दिष्टं कोलमडतील. 21 मार्च 2024 ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने तो सरसकट आदेश मागे घेतला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. सुरुवातीला सांगितलेला हक्क याच निकालातला. डिसेंबर 2025 मध्ये न्यायमूर्ती नरसिंह आणि चांदूरकर यांच्या पीठाने समितीच्या शिफारशी बऱ्याच अंशी मान्य केल्या. राजस्थानात 14,013 आणि गुजरातमध्ये 740 चौरस किलोमीटर हे सुधारित प्राधान्यक्षेत्र. त्यात नव्या पवनचक्क्या नाहीत, दोन मेगावॅटच्या वरचे नवे सौरप्रकल्प नाहीत, आणि नव्या वाहिन्या ठरवून दिलेल्या पट्ट्यांतूनच.

99,000 वरून 14,753. पक्षीप्रेमींपैकी अनेकांना हा पराभव वाटला. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण आपल्या सोलापुरात आहे.

1979 मध्ये नान्नजचं माळढोक अभयारण्य झालं. क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात पसरलेलं. त्यात गावं आली, शेतं आली, तालुक्याची ठिकाणं आली. माळढोकाने कधी पाऊल ठेवलं नसेल अशी जमीनही आली. जमिनीचा व्यवहार करायला गेलं की अभयारण्य आडवं. शेतकऱ्याच्या लेखी माळढोक म्हणजे सातबाऱ्याला लागलेलं ग्रहण झालं. 2012 च्या सुमारास क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. तोवर कालव्याचं पाणी आलं होतं, माळ उसाखाली गेला होता, आणि ‘ओसाड जमीन हिरवी करू’ म्हणत गवतावर झाडंही लावली गेली होती. माळढोकाला झाडं नको असतात, त्याला दूरवरचं दिसायला हवं असतं. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती बातमी होते. एवढं मोठं अभयारण्य कागदावर होतं आणि तरीही पक्षी राहिला नाही. जिथे राखायचं तिथे राखलं गेलं नाही, आणि जिथे गरज नव्हती तिथली माणसं विनाकारण दुखावली गेली. म्हणून मी म्हणतो, लहान पण नेमकी रेषा परवडली. अट एकच, ती रेषा खरोखर पाळली जावी.

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येतो. ‘दीडशे पक्षी की कोट्यवधी लोकांची वीज’ हा प्रश्न समाजमाध्यमांवर जोरात विचारला जातो. हा प्रश्न मला गणिताच्या अंगाने तपासावासा वाटला. एक मेगावॅट सौरप्रकल्पाला साधारण चार-पाच एकर जमीन लागते, हा धंद्यातला ठोकताळा. तीन लाख मेगावॅट सगळेच्या सगळे जमिनीवर उभारले, छतांवर एकही पॅनल नाही असं धरलं, तरी पाच-सहा हजार चौरस किलोमीटर होतात. देशाचं क्षेत्रफळ बत्तीस लाखांच्या वर आहे. म्हणजे आपल्याला लागते ती एक टक्क्याच्याही पाव हिश्शाहून कमी जमीन. ऊन तर सोलापुरापासून अनंतपूरपर्यंत सगळीकडे आहे. राजस्थानात ते जास्त प्रखर आहे, मान्य. पण पक्ष्याचं शेवटचं घर सोडून दुसरीकडे जागाच नाही, हे खरं नाही.

मग प्रकल्प तिथेच का जातात? सपाट, कोरडी, झाडं नसलेली, लोकवस्ती विरळ असलेली जमीन माळढोकाला हवी असते. सौर कंपनीलाही तीच हवी असते. आणि आपल्या महसुली भाषेत या जमिनीचं नाव आहे ‘पडीक’. देशपातळीवर पडीक जमिनींचा नकाशासंग्रह निघतो. गावपातळीवर सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती खराब, हा इंग्रजी अमलातला हिशोब आपण तसाच पुढे चालवला. आमच्या क्षेत्रात म्हणतात, आत कचरा घातला तर बाहेर कचराच येणार. जमिनीच्या रकान्यात कोणी एकदा ‘पडीक’ भरलं, की पुढचं प्रत्येक सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे तीच जमीन सुचवतं. त्यात लबाडी नसते. आणि सौरप्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनातून सूट आहे, त्यामुळे ‘इथे कोण राहतं’ हा प्रश्न विचारण्याची सक्ती कुठल्याच टप्प्यावर नाही.

जैसलमेरकडे ‘ओरण’ असतात. देवाच्या किंवा देवीच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेली कुरणं. तिथे झाड तोडत नाहीत. देगराय मातेचं ओरण त्यातलं एक. तिथल्या गावकऱ्यांनी तारांविरुद्ध आवाज उठवला, मोर्चे काढले, कारण महसूल दप्तरात ओरणाचा बराचसा भाग ओरण म्हणून नोंदलेलाच नव्हता. ओरण देवीचं असलं तरी त्या भागात उंट-मेंढ्या पाळणाऱ्यांत राजपूत आहेत तसे सिंधी मुस्लिमही आहेत. माळावर चराईच्या वाटा एकच असतात. कच्छच्या बन्नीत तर बहुतेक मालधारी मुस्लिम, आणि त्यांचाही झगडा तोच: आम्ही इथे आहोत हे कागदावर दाखवा. 18 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची पाहणी करून त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. कागदावर नसलेल्या माणसाचं काय होतं, हे या सभागृहात मी समजावून सांगायची गरज नाही.

जाता जाता: डॉ. सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचं नाव सुचवलं होतं. 1963 मध्ये मान मोराला गेला. माळढोकाच्या इंग्रजी नावाचं स्पेलिंग चुकलं तर अनर्थ होईल या भीतीने तो मागे पडला, असं सांगतात. खरं-खोटं राहू द्या. सालिम अलींचा मुद्दा हा होता की मोर सगळ्यांना ठाऊक आहे, ज्याला लक्षाची गरज आहे त्याला लक्ष द्या.

आता जैसलमेरमध्ये सम आणि रामदेवरा इथे कृत्रिम प्रजनन केंद्रं आहेत. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. अबू धाबीच्या होबारा-संवर्धन संस्थेकडून ते तंत्र शिकलं गेलं. केंद्रांत आता साठच्या वर पक्षी आहेत. हे काम अवघड आहे आणि शास्त्रज्ञांनी ते जिद्दीने केलंय. पण ही पिल्लं मोठी झाल्यावर सोडायची कुठे? तारांखाली?

आणि हा प्रश्न आता राजस्थानापुरता नाही. आपल्याकडे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे, उद्दिष्ट 16,000 मेगावॅट. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरायला जावं लागू नये, यासाठी ही योजना मला मनापासून पटते. तिला उपकेंद्राजवळची सरकारी जमीन लागते आणि ती बऱ्याच ठिकाणी गायरान असते. गायरानावर माळढोक नसेलही, पण तिथे धाविक आहे, चंडोल आहे, विदर्भात कुठे तणमोर आहे, लांडगा आहे, धनगराची मेंढरं आहेत, आणि ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही अशाच्या दोन शेळ्या आहेत. सगळी गायरानं सारखी नाहीत. काहींवर नुसती वेडी बाभूळ माजली आहे, तिथे पॅनल लावायला माझी हरकत नाही. फरक ओळखायला हवा, आणि तो गावातला माणूस ओळखतो, उपग्रह ओळखत नाही.

म्हणून इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या गावात अशी जमीन ठरते आहे त्यांनी ग्रामसभेत गट नंबर मागावा. त्या गटात पावसाळ्यानंतर काय उगवतं, कोण चारतं, कोणता पक्षी दिसतो, हे फोटोसह ठरावात लिहून घ्यावं. प्रकल्पाला विरोध करायचा नसेल तरीही. पर्यायी गट माहीत असेल तर तोही लिहावा. नकाशावर कसं दाखवायचं ते मी शिकवतो; तासाभराचं काम आहे, साधा मोबाईल पुरतो. चहानंतर मी मागच्या खोलीत बसतो, ज्यांनी सातबारा आणलाय त्यांनी तिकडे यावं. त्याआधी प्रश्न घेऊ.