कमानीआधी एक विनंती



कमानीची वर्गणी जमली, चांगलं झालं. त्यातला थोडा वाटा मी मागतोय, टाटा हॉस्पिटलच्या संशोधनासाठी.

आपल्या बाकावरचा एक जण आज इथं नाही. रक्त पडायचं, मूळव्याध समजून वर्षभर झाडपाला घेत राहिला. निघाला आतड्याचा कॅन्सर.

2022 साली न्यूयॉर्कहून बातमी आली. गुदाशयाच्या कॅन्सरच्या 12 रुग्णांना डोस्टारलिमॅब सहा महिने दिलं आणि बाराही जणांची गाठ गेली. ना ऑपरेशन, ना शेक. पण विशिष्ट जनुकीय दोष असेल तरच ते लागू पडतं, म्हणजे शंभरात पाच-दहा जणांना. उरलेल्यांचं काय? या वाटेवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांना तिकडं लोकांनी पोहण्याचे कार्यक्रम भरवून पैसा उभा केला होता!

आपल्याकडं आयआयटी मुंबई आणि टाटानं रक्ताच्या कॅन्सरवर कार-टी उपचार काढला. 2023 मध्ये मान्यता मिळाली, किंमत परदेशातल्या साधारण दहाव्या हिश्श्याची. संशोधन इथं झालं म्हणून हे जमलं. आतड्याच्या कॅन्सरसाठी तसं व्हायचंय.

जी. डी. बापूंच्या कुंडलला वर्गणीचं मी काय सांगावं? कमान दोन फूट बुटकी झाली तरी चालेल. माझे पाच हजार सरांकडे दिलेत.