एकच झाड, बारा महिने

मैत्रिणींनो, कामं आवरली का? नसतील आवरली तर हात चालू ठेवा आणि कान इकडं द्या. आज मी फोटोंविषयी बोलणार आहे. लग्ना-बारशाच्या फोटोंविषयी नव्हे, झाडांच्या, फुलांच्या, पाखरांच्या.

कुणी म्हणेल, आपल्या माणदेशात कसला आलाय निसर्ग? फुलं बघायची तर कासला जावं. खरं आहे. कास पठार आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. २०१२ साली पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण तिथं जायचं म्हणजे गाडीभाडं आलं, दिवसाची मजुरी बुडाली. शिवाय तिथला बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. मग बाकीचं वर्ष आपण काय बघायचं?

आमच्या गावात तळ्याकाठी छोटी बाग आहे. दोन बाकडी, एक मोडकी घसरगुंडी, कडेनं लिंब, करंज, बाभळी, एक बहावा. आणि एक काटेसावर होती. गटाच्या बैठकीला मी तिथूनच जायचे, पण कधी मान वर करून बघितलं नव्हतं. सावर थंडीत पानं गाळून उभी होती. बागेची डागडुजी करायला आलेल्यांनी ‘वठलंय’ म्हणून ती तोडली. काही दिवसांनी आमच्या आत्याबाई म्हणाल्या, “सावरीच्या लाल फुलांवर किती मैना यायच्या गं! यंदा दिसंनात.” मी मोबाइल चाळला. नातवाचे फोटो, पासबुकाचे फोटो, खताच्या पावतीचा फोटो. सावरीचा एकही नव्हता.

त्या दिवशी ठरवलं. बैठकीला अर्धा तास आधी निघायचं आणि त्याच बाकड्यापाशी उभं राहून बहाव्याचा एक फोटो काढायचा. दर महिन्याला, न चुकता. पहिल्यांदा बायका हसल्या. “काम नाही वाटतं हिला,” असंही कुणी म्हणालं. मी ऐकून घेतलं.

वैशाखात बहावा पिवळ्या झुंबरांनी भरला. मृगाचा पाऊस पडल्यावर मातीत मखमलीसारखे लाल मृगाचे किडे फिरताना दिसले. तळ्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागले. तिथं एक गंमत कळली. खोपा विणत होता तो पिवळ्या डोक्याचा नर. मादी येते, अर्धवट घर आतबाहेर तपासते, पसंत पडलं तरच राहते! हे सांगितलं तर आमचा अख्खा गट हसला. भादव्यात बांधाला तरवड पिवळा झाला, गौरीच्या सुमारास आघाडा सापडला. थंडीत तळ्याकाठी शेपूट हलवत धोबी पक्षी आला. आणि चैत्रात लिंबाला मोहर आला तेव्हा बहावा मात्र उघडाबोडका, नुसत्या काळ्या लांब शेंगा लोंबणारा.

त्याच चैत्रात करवत घेऊन माणसं पुन्हा आली. “हेही वठलंय.” मी मोबाइल पुढं केला. तेच झाड, तेच बाकडं, मागच्या वैशाखातलं पिवळंधमक. म्हटलं, “दादा, एक महिना थांबा.” ते थांबले. बहावा फुलला. सावर काही परत आली नाही, पण बहावा आजही आहे.

फोटो चांगला यावा म्हणून काय करायचं? आधी पदरानं कॅमेऱ्याची काच पुसा. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जा. भर दुपारच्या उन्हात रंग फिके पडतात. ऊन आपल्या पाठीशी असू द्या. पान चमकतं दाखवायचं असेल तर मात्र ऊन पानाच्या मागून येऊ द्या. बोटांनी चित्र मोठं करण्यापेक्षा दोन पावलं जवळ जा. फूल लहान असेल तर खाली बसा, पडद्यावर त्या फुलाला बोट लावा, कोपरं अंगाशी धरा, म्हणजे हात हलत नाही. फूल तोडू नका. खोप्याला हात लावू नका, लांबूनच बघा. आणि वहीत तारीख लिहा, जवळचा सणही लिहा.

ही वही वाया जात नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान एकतृतीयांश बाया असाव्या लागतात. गावातली झाडं, वेली, पाखरं, औषधी वनस्पती यांची लोक जैवविविधता नोंदवही तिनं ठेवायची असते. आपल्या गावची नोंदवही कुठं आहे, त्यात काय लिहिलंय, हे ग्रामसभेत विचारा. आपले फोटो, आपल्या सासवांनी सांगितलेली नावं त्यात गेली पाहिजेत.

आणखी एक मनातलं सांगते. त्या अर्ध्या तासात मला कुणी हाक मारत नाही. मी कुणाची सून नसते, कुणाची आई नसते. पाखरू कुठं बसलंय एवढंच बघत असते. घरी येते ती हलकी होऊन येते. आता आत्याबाईही सोबत येतात. फोटो मी काढते, नावं त्या सांगतात.

मैत्रिणींनो, या आठवड्यात एक झाड निवडा. शाळेतलं, देवळापुढचं, पाणवठ्यावरचं, कुठलंही चालेल. आज त्याला पान नसलं तरी फोटो काढून ठेवा.