आजीला आई बघते, आईला कोण?

आजचा विषय थेट आपल्या घरातला.

दोन वर्षांपूर्वी माझी आजी बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून तिची आंघोळ, गोळ्या, रात्रीचं उठवणं सगळं आईकडे. मी पुण्यातून रोज साताऱ्याला फोन करायचो, "आजी कशी आहे?" एकदा आई म्हणाली, "आजी बरी आहे रे. मी दोन महिने सलग झोपले नाहीये."

मला काय बोलावं सुचेना. तिला मी कधी विचारलंच नव्हतं.

मग आम्ही कामं वाटून घेतली. शनिवारची रात्र माझी. आईनं दार लावून झोपायचं, आजीनं हाक मारली तर मी उठणार. औषधं मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं ताईकडे; ते फोनवरूनही होतं. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, वाटेत रात्रीचा दिवा लावला.

आणि आजीला नुसतं बसवून ठेवत नाही. पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून किमान ३ दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. फिजिओथेरपिस्टनं शिकवल्याप्रमाणे आजी ओट्याला धरून टाचा उचलते, आम्ही शेजारी उभे राहतो.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी एल्डरलाइन आहे, कॉल मोफत. नंबर सेव्ह करून ठेवा.

आज घरी फोन कराल तेव्हा आधी विचारा, "आई, तू झोपलीस का नीट?" आणि मग एक रात्र स्वतःकडे घ्या.

भेटू पुढच्या भागात!