केस पेपर दोघांच्याही नावाने

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली अन् पाळणा हलला नाही, की बार्शीटाकळीत काय नि अकोल्यात काय, दवाखान्याची वाट आधी सुनेला दाखवतात. खरं तर अशा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही दोष सापडतो. आणि त्याचीच पहिली तपासणी सगळ्यात सोपी! दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्याचा नमुना द्यायचा. मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाखांहून कमी शुक्राणू असले, तर संख्या कमी धरतात. एकाच अहवालावर घाबरू नका, पुन्हा तपासा.

अंडकोषाच्या शिरा फुगणं हे नेहमीचं कारण. त्यावर शस्त्रक्रिया आहे. खर्रा, बिडी, दारू सोडा. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांनो, ताकदीच्या नावाखाली ती शुक्राणू बनणंच बंद पाडू शकतात. नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, तेव्हा आठवड्यात गुण शोधू नका. शुक्राणू फारच थोडे असले, तर एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची ‘इक्सी’ पद्धत १९९२पासून आहे, पण महाग. त्याआधी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात जा, आणि केस पेपर नवऱ्याच्याही नावाने काढा.