अभ्रकाची चमक काचेत कशी टिकते

गुलालात चमचम करतो तो अभ्रक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. आमचा गट काचेचे तुकडे विजेच्या भट्टीत तापवून, एकजीव करून बश्या बनवतो. त्यात अभ्रकाची पूड वापरताना आम्ही कुठे चुकलो, ते आज सांगतो.

पहिली ऑर्डर होती पणती ठेवायच्या चोवीस बश्यांची. काचेवर पूड भुरभुरली आणि भट्टी लावली. बश्या निघाल्या त्या सोन्यासारख्या! गिऱ्हाईक बाईंनी एक पुसली, तर सगळं सोनं फडक्यावर. चोवीसच्या चोवीस परत आल्या. काच गेली, वीज गेली, आणि दिवाळी तोंडावर.

कारण साधं आहे. आमची खिडकीची काच ८२० अंशांच्या आसपास एकजीव होते. अभ्रक त्या तापात वितळत नाही, त्याचा पापुद्रा पापुद्राच राहतो. काचेने धरला तेवढा टिकतो, वरचा झडतो.

मग पूड दोन काचांच्या मधे घातली, पण हात सैल सुटला. थर जाड झाल्यामुळे वरची काच खालचीला चिकटलीच नाही. एक बशी तर पुरीसारखी फुगली. तेव्हा हसू आलं नाही, आता येतं.

आता आम्ही पूड ब्रशने अगदी विरळ लावतो, तीही ठिपक्यांची किंवा वेलबुट्टीची, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेत काच काचेला धरते. कडेला बोटभर जागा कोरी सोडतो. वर साधी काच ठेवतो, पण दोन्ही तुकडे एकाच तावदानातले. बाटलीची काच मिसळली तर थंड होताना तडा जातो, कारण दोन्हींचं आकसणं वेगळं. ताप चढताना ६५० अंशांजवळ अर्धा तास थांबतो, हवा निघून जाते. उतरतानाही घाई नाही. झाकण दुसऱ्या दिवशीच उघडायचं.

रंगाचंही बघा. सोनेरी, तांबूस छटा लोहाच्या गंजाच्या थरामुळे येते, ती आगीत टिकते. मेकअपसाठी विकतात त्यातले काही गुलाबी, निळे रंग मात्र जळून जातात. आधी एका तुकड्यावर करून पाहावं.

ही पूड नाकात जाऊ देऊ नका. पदर पुरत नाही, चांगला मास्क लावा. फुंकर नको, झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा. स्वयंपाकघरात तर हे काम नकोच.

झारखंडात कोडरमा, गिरिडीहकडे खाणींच्या टाकाऊ ढिगातून बायका आणि लहान मुलं अभ्रक वेचतात. म्हणून आम्ही दुकानदाराला विचारतो, माल कुठला? अजून धड उत्तर मिळालेलं नाही. कारखान्यात तयार केलेला अभ्रकही मिळतो, तो मागवून पाहणार आहोत.

आणि त्या परत आलेल्या बश्या? धुतल्या, सुटी पूड काढली, वर साधी काच ठेवून पुन्हा भाजल्या. सतरा विकल्या गेल्या.