कंबरदुखी, पायाची कळ आणि योग्य उपचाराचा शोध
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला ‘आरोग्य’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी काही डॉक्टर नाही. छत्तीस वर्षं बँकेत काढली. धुळे, शिरपूर, पारोळा आणि शेवटी जळगाव. त्यामुळे सगळ्या आरोग्यावर न बोलता माझ्या वाट्याला आलेल्या एकाच दुखण्यावर बोलतो. आपल्या तिन्ही इमारतींत हे दुखणं नसलेला मजला मला तरी माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी माझी कंबर धरली. आठवड्याभरात कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीमागून पोटरीत आणि तिथून अंगठ्यापर्यंत उतरली. खोकलो तरी वीज चमकल्यासारखं व्हायचं. जिना उतरताना जो भेटेल तो विचारायचा, “काय व्हयनं नाना?” आणि उत्तर ऐकायच्या आधीच उपाय सांगायचा. कोणी म्हणालं नस चढली, कोणी म्हणालं मणक्यात गॅप आहे. पट्टा बांधा, फळीवर झोपा, अमुक गावचा माणूस पाय ओढून नस बसवतो. सगळे प्रेमानेच सांगत होते, त्याबद्दल तक्रार नाही.

मग एका ठिकाणी एमआरआय झाला. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, “चकती सरकली आहे. याच आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल.” मला तपासणीच्या टेबलावर झोपवलंसुद्धा नव्हतं. घरी सौ. दोन दिवस नीट जेवली नाही.

आता माझ्यातला बँकवाला जागा झाला. पीककर्ज देताना आम्ही सातबारा बघायचो, पण नुसत्या सातबाऱ्यावर कर्ज मंजूर करत नव्हतो. शेतावर जाऊन पाहणी करायचो. कागदावर केळी असायची, शेतात कापूस उभा असायचा. एमआरआय हा सातबारा आहे. रुग्णाला हात लावून तपासणं ही स्थळपाहणी. दोन्ही जुळलं पाहिजे.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक जणांची एक तरी चकती फुगलेली निघाली. केस पांढरे होतात तशा वयाप्रमाणे चकत्याही झिजतात. फिल्ममध्ये दिसलेला दोष हाच दुखण्याचं कारण आहे की नाही, हे तपासणीतूनच ठरतं.

म्हणून फाईल घेऊन पुतण्याबरोबर धुळ्याला दुसरं मत घ्यायला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी प्रश्न विचारले. कंबर जास्त दुखते की पाय? किती चालल्यावर थांबावं लागतं? वाकलं किंवा बसलं की बरं वाटतं का? लघवीवर ताबा आहे ना? मग आडवं झोपवून पाय सरळ वर उचलला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं. शेवटी फिल्म बघितली.

या प्रश्नांचा अर्थ मला नंतर समजला. सगळी पायदुखी सायटिका नसते. साठीनंतर मज्जारज्जूची पोकळी अरुंद होते. अशा माणसाचे पाय चालताना भरून येतात आणि बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर वाकावं लागत नाही, नुसतं उभं राहिलं तरी कळ थांबते. तंबाखू-विडी ओढणारे आणि मधुमेहवाले यांनी हे लक्षात ठेवावं. दोन्ही तळपायांची आग होत असेल तर साखर आणि बी-१२ तपासावं लागतं. दुखणं जांघेत असेल तर खुब्याचा सांधा बघावा लागतो. आजार वेगळा, तर उपचारही वेगळा.

माझ्या पायाची ताकद शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, “बहुतेकांचं हे दुखणं सहा ते बारा आठवड्यांत उतरतं. चकतीचा बाहेर आलेला तुकडा बऱ्याचदा आपोआप आक्रसतो. अंथरुणावर पडून राहू नका, झेपेल तेवढं चाला.” थोडे दिवस गोळ्या, मग फिजिओथेरपी. दहाव्या आठवड्यात मी मेहरूण तलावावर सकाळी फिरायला लागलो. कंबर आजही अधूनमधून कुरकुरते, पण पायातली कळ गेली.

याचा अर्थ ऑपरेशन वाईट, असा कृपया घेऊ नका. आपल्याच एका ताईंचं उदाहरण त्यांच्या परवानगीने सांगतो. त्यांचं पाऊल वर उचलेना, चप्पल पायातून निसटायची आणि कळेनासं व्हायचं. त्यांनी थांबणं योग्य नव्हतं. ऑपरेशन वेळेत झालं आणि आज त्या गरब्याला उभ्या राहतात. नेदरलँडमध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं ऑपरेशन लवकर केलं त्यांना आराम लवकर पडला. पण वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखेच होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना मात्र पुढे ऑपरेशन लागलंच. म्हणजे घाई नको आणि हट्टही नको.

काही लक्षणं मात्र दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचाचा ताबा जाणे, बैठकीच्या जागेला बधिरपणा, पायाची ताकद कमी होत जाणे. कंबरदुखीबरोबर ताप, विनाकारण वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा म्हातारपणी पडल्यावर सुरू झालेली दुखी, हेही अंगावर काढू नये.

वेदनाशामक गोळ्यांबद्दल एक विनंती. मेडिकलवाल्याला विचारून महिनोन्महिने त्या खाऊ नका. मूत्रपिंड, पोट आणि रक्तदाब तिघांवर त्यांचा भार पडतो, आणि आपल्या जळगावच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर जास्तच. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात. ते उपचार घ्यायचे तर शिकलेल्या वैद्यांकडून घ्या. कंबरेला झटका देणाऱ्यांपासून लांब राहा.

खर्चाचंही सांगतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कार्ड काढून ठेवा. कोणते उपचार त्यात बसतात हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. दुसऱ्या मतासाठी मुंबई-पुण्यालाच धावायला हवं असंही नाही. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आपल्या जळगावलाही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे.

तरुण सभासदांना सांगणं इतकंच की आई-वडिलांची नुसती फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर जा. आमची पिढी डॉक्टरांसमोर “बरं आहे” म्हणून मोकळी होते आणि वहिनींच्या कानात खरं सांगते.

शेवटी संस्थेसाठी एक मागणी. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा तीन मजले कोणाला जड नव्हते. लिफ्टचा विषय मोठा आहे, तो सर्वसाधारण सभेत येईल तेव्हा येईल. तोवर रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीतून जी रक्कम शिल्लक राहील, तिच्यातून जिन्याच्या भिंतीकडच्या बाजूलाही कठडा आणि प्रत्येक वळणावर एक छोटा बाक बसवावा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गेल्या दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत, आजच्या कार्यक्रमालाही येऊ शकल्या नाहीत. ठराव मी मांडतो, अनुमोदन कोणीतरी द्या.